एआय आणि आयटीतली पहिली पायरी

हिंजवडीत सकाळचे अकरा वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटलेली असते. तिथल्या एखाद्या विमा कंपनीच्या सर्व्हरवर दिवसभराचा हिशेब चालू असतो. कुणाचे हप्ते जमा झाले, कुठले क्लेम मंजूर झाले, कुणाला स्मरणपत्र जायचंय. मध्येच ते काम अडकतं. अलर्ट वाजतो, 'तिकीट', म्हणजे अडचणीची नोंद, उघडतं आणि इकडे सपोर्ट टीममधल्या, कंपनीत लागून जेमतेम आठ महिने झालेल्या एखाद्या मुलाच्या नावावर पडतं. तो लॉगची, म्हणजे सर्व्हरने काय काय केलं त्याच्या नोंदींची, फाइल उघडतो, हजारो ओळींतून एरर हुडकतो. बाहेरून आलेल्या एका फाइलीत तारखेच्या रकान्यात दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असते. 'रनबुक'मध्ये, म्हणजे काय बिघडलं तर काय करायचं हे जिथे लिहून ठेवलेलं असतं तिथे, तो उपाय बघतो. सीनिअरला पिंग करून खात्री करून घेतो, ओळ दुरुस्त करतो, ते अडकलेलं काम, म्हणजे 'जॉब', पुन्हा चालू करतो, तिकिटावर दोन वाक्यं लिहितो आणि ते बंद करतो. पाऊण तास जातो. त्या पाऊण तासाचं बिल अमेरिकेत लागतं.

हे काम आता सॉफ्टवेअरचा 'एजंट' करू लागलाय. लॉग वाचायचा, अशीच अडचण आधी कधी आली होती ते जुन्या तिकिटांत शोधायचं, उपाय सुचवायचा, माणसाने 'ओके' म्हटलं की जॉब पुन्हा चालू करायचा आणि तिकिटावरची ती दोन वाक्यंही लिहायची. सगळं मिळून काही मिनिटं.

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात ती, काम, पैसा आणि समाज यांची घडी कशी बदलेल हा विषय इतका अवाढव्य आहे की त्यावर बोलणारा एक तर हवेत जातो नाही तर घाबरवून सोडतो. म्हणून हे एक तिकीट धरूनच पुढे जाऊ. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या हिशेबाने २०२४-२५ मध्ये भारतीय आयटी उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि त्यात सुमारे ५८ लाख लोक काम करत होते. त्यातले बरेचसे असल्या तिकिटांच्या याच पहिल्या पायरीवरून आत शिरले. जळगाव, लातूर, सांगलीकडची मुलं बॅगा भरून पुण्यात आली ती या पायरीसाठीच.

यंत्र नेमकं करतं काय?

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड ही सगळी भाषेची मॉडेल्स. पुस्तकं, वेबसाइटी, प्रोग्रामचा कोड असा अफाट मजकूर दाखवून त्यांच्याकडून मुख्यतः एकच गोष्ट घोटून घेतलेली असते. इथवरचं वाच आणि पुढचा शब्द ओळख. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पुढचा शब्द बरोबर ओळखायचा तर व्याकरण, संदर्भ, तर्क, थोडंफार गणित हे सगळं कुठेतरी जुळून यावं लागतं, आणि मॉडेल पुरेसं मोठं केलं की ते बऱ्यापैकी जुळतं, असं दिसून आलं. यामागची 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना गुगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आशिष वासवानी यांचं आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. पुढचं आपण बघतोच आहोत. एजंट म्हणजे याच मॉडेलला फाइल उघडण्याची, कमांड चालवण्याची, मेल पाठवण्याची मुभा दिलेली.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, या यंत्राला खरं-खोटं कळतंच असं नाही. चुकीची गोष्टही ते बरोबर गोष्टीइतक्याच ठामपणे लिहून देतं. दुसरी, जिथे काम लिखित स्वरूपात येतं आणि लिखित स्वरूपातच जातं तिथे ते सगळ्यात तरबेज असतं. नळ गळत असेल तर ओट्याखाली आडवं होऊन वॉशर बदलणारा माणूस अजून तरी सुरक्षित आहे. आयटी सपोर्टचं काम मात्र अथपासून इतिपर्यंत लिखित. लॉग लिखित, कोड लिखित, तिकीट लिखित, क्लायंटला जाणारी मेलही लिखित. इतकी वर्षं यंत्रं मुख्यतः अंगमेहनतीची आणि ठरीव हिशेबाची कामं घ्यायची. या यंत्राने खुर्चीवर बसून वाचून-लिहून करायच्या कामालाच हात घातला.

तरी 'नोकरी गेली' असं लगेच होत नाही, कारण एका नोकरीत पंधरा-वीस वेगवेगळी कामं असतात. एआयच्या क्षेत्रातले दिग्गज जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. पुढे २०२४ मध्ये हिंटन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि यंत्रंही एक्स-रे चांगले वाचू लागली, पण रेडिओलॉजिस्ट आजही जगभर कमीच पडताहेत. कारण फोटो वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. सर्जनशी चर्चा करायची असते, सुई कुठे घालायची ते ठरवायचं असतं, रिपोर्टवर सही करून जबाबदारी घ्यायची असते.

आयटीतल्या फ्रेशरचं दुखणं असं की त्याच्याकडे ही बाकीची कामं नसतातच. पहिली दोन वर्षं तिकिटं, टेस्ट केस, जुन्या कोडचं डॉक्युमेंटेशन, डेटा इकडून तिकडे हलवणं, स्टेटसची एक्सेल शीट. यंत्राला जमणाऱ्या कामांची यादी काढा आणि फ्रेशरच्या कामांची यादी काढा. दोन्ही जवळपास सारख्याच निघतील.

बिल कुणाचं, फायदा कुणाचा?

आता पैशाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. भारतीय आयटी सेवा कंपनीच्या रचनेला त्या धंद्यात पिरॅमिड म्हणतात. खाली भरपूर फ्रेशर, मध्ये तीन ते आठ वर्षं अनुभवाचे, वर थोडे मॅनेजर आणि आर्किटेक्ट. क्लायंटला बिल लावायचं ते माणसागणिक, तासागणिक.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा फ्रेशरच्या एका तासाचे क्लायंट २० डॉलर देतो. महिन्याचे १६० तास, म्हणजे ३,२०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर २ लाख ७२ हजार रुपये. हे झालं एका महिन्याचं बिल. आणि फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास, तेही गेली दहा-बारा वर्षं फारसं न हललेलं. मधला सगळा पैसा नफा असतो असं नाही. त्यातून ऑफिसचं भाडं, बेंचवर बसलेल्यांचे, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसलेल्यांचे, पगार, ऑनसाइटची, म्हणजे क्लायंटकडे जाऊन बसलेली, महाग माणसं, सेल्स, ट्रेनिंग हे सगळं भागवायचं असतं. पण धंद्याचा पाया हाच. स्वस्त फ्रेशर जितके जास्त, तितकं कंपनीचं गणित सुटसुटीत.

एजंट आल्यावर दहा जणांचं काम सहा जणांत होतं असं धरू. वाचलेल्या चार जणांचे पैसे कुणाला मिळणार? याचं उत्तर यंत्रात नसतं, करारात असतं. बिल तासावर असेल तर तास कमी झाले म्हणून क्लायंट कमी पैसे देईल, म्हणजे फायदा त्याचा. 'एवढं काम, एवढी रक्कम' असा करार असेल तर उरलेले पैसे आयटी कंपनीच्या खिशात जातील. म्हणूनच रिन्यूअलची वेळ आली की क्लायंट म्हणतो, 'एआय वापरता ना, मग रेट कमी करा', आणि कंपनी म्हणते, 'तासांचं सोडा, कामाच्या निकालावर पैसे द्या.' या ओढाताणीत फ्रेशरच्या बाजूने टेबलाशी कुणीच बसलेलं नसतं. सहा जणांत ज्याचा नंबर लागला त्याचा पगार वाढत नाही, आणि ज्या चौघांचा लागला नाही ते कुठल्या आकडेवारीतही येत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि एकच हलकल्लोळ झाला. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत होती. एआयमुळे काम कमी झालं म्हणून नव्हे, तर कौशल्यं आणि उपलब्ध कामं यांचा मेळ बसत नाही म्हणून ही कपात, असं कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांनी सांगितलं. यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर हल्ली 'एआय' हे दोन्ही बाजूंना सोयीचं कारण झालंय. कोविडनंतर २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी हातचं राखून न ठेवता भरती केली, मग अमेरिकेत व्याजदर चढले आणि क्लायंटनी हात आखडले. आजच्या मंदीत या गोष्टींचा वाटा मोठा आहे. सगळं पाप यंत्राच्या माथी मारलं की भरतीचे चुकलेले अंदाज झाकले जातात.

अनुभव कुणाचा, शिकलं कोण?

एआयमुळे कामात नेमका काय फरक पडतो यावर झालेल्या अभ्यासांपैकी मला सगळ्यात बोलका वाटतो तो एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांचा, २०२३ मध्ये पुढे आलेला. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवा विभागातले पाच हजारांहून अधिक कर्मचारी त्यांनी अभ्यासले. बहुतेक जण फिलिपीन्समधले. ग्राहकाशी चॅट चालू असताना बाजूला एआय सुचवायचं की असं उत्तर दे, ही लिंक पाठव. सरासरी कामाचा वेग सुमारे १४ टक्क्यांनी वाढला. पण ही वाढ सगळ्यांना सारखी नव्हती. नव्या आणि कमी कौशल्याच्या लोकांचं काम सुमारे ३४ टक्क्यांनी सुधारलं, तर मुरलेल्यांना जवळपास काहीच फरक पडला नाही. एआय हाताशी असलेला दोन महिन्यांचा नवखा, एआयविना सहा महिन्यांहून अधिक काढलेल्याच्या बरोबरीने काम करू लागला.

वाचून बरं वाटतं. नवख्याचं भलं झालं की! पण यंत्राला ती उत्तरं सुचली कुठून? त्याच विभागातल्या हुशार कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांतून. चिडलेल्या ग्राहकाला शांत कसं करायचं, कुठला प्रश्न आधी विचारला की घोळ पटकन कळतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं खपून कमावलेलं शहाणपण यंत्राने टिपलं आणि नवख्यांना वाटलं. त्या हुशार लोकांना याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. उलट त्यांचं वेगळेपणच कमी झालं. याआधी कामगाराची कला त्याच्या हातात असायची. तो नोकरी सोडून गेला की तीही त्याच्याबरोबर जायची. आता ती चॅटच्या नोंदींत मागे राहते आणि त्या नोंदी कंपनीच्या मालकीच्या असतात. आयटीतली जुनी तिकिटं, कोडवरच्या कमेंटी, केटीचे, म्हणजे काम दुसऱ्याकडे सोपवताना समजावून सांगितल्याचे, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ यांचंही तेच. सुरुवातीच्या गोष्टीतल्या मुलाने तिकिटावर लिहिलेली ती दोन वाक्यंसुद्धा त्यातच आली. याच साखळीच्या अगदी तळाशी केनियातली माणसं होती. चॅटजीपीटीच्या तोंडी घाण येऊ नये म्हणून अत्याचाराची, हिंसेची वर्णनं वाचून त्यांवर खुणा करायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मोबदला तासाला दोन डॉलरहूनही कमी. 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये हे उजेडात आणलं.

आता एक कोडं. एआयचा सगळ्यात जास्त उपयोग नवख्यांना होत असेल तर कंपन्यांनी जास्त नवखे घ्यायला हवेत. घडताना मात्र उलटं दिसतंय. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लाखो लोकांच्या पगारपत्रकांचा अभ्यास मांडला. एआयची झळ सर्वाधिक बसणाऱ्या व्यवसायांत, म्हणजे प्रोग्रामिंग, ग्राहकसेवा वगैरेंत, २२ ते २५ वयाच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरल्याचं त्यांना आढळलं. त्याच व्यवसायांतल्या मोठ्या वयाच्या लोकांना मात्र धक्का नव्हता. याचं कारण एआयच आहे का, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. पण कोड्याचं उत्तर मला तरी साधं वाटतं. दोन महिन्यांच्या नवख्याला सहा महिन्यांच्या माणसाइतकं करणारं यंत्र हाती आलं, की मालकाला पाचाऐवजी तीन नवखे पुरतात.

काढलं कुणालाच नाही, घेतलंही नाही

आपल्याकडे हे एकदा घडून गेलंय. १९८० च्या दशकात बँकांमध्ये संगणक येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटना खवळल्या होत्या. १९८३ मध्ये संघटना आणि बँकांची व्यवस्थापनं यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. जाडजूड लेजर, त्यात हाताने केलेल्या नोंदी, दिवसाअखेरीस न जुळणारी बेरीज आणि ती जुळेपर्यंत थांबलेला स्टाफ, हे सगळं पुढच्या वीसेक वर्षांत हळूहळू संपलं. यंत्र आलं म्हणून क्लार्कला घरी बसवलं, असं सहसा झालं नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे लाखभर लोक बाहेर पडले. बाकीचे वयोमानाने गेले आणि त्यांच्या जागा पूर्वीसारख्या भरल्या गेल्या नाहीत.

म्हणूनच 'किती जणांना काढलं' हा आकडा शोधत बसलात तर यंत्राचा परिणाम दिसणारच नाही. न निघालेल्या जाहिरातीची बातमी होत नाही. बँकेत जागा न मिळालेल्या त्या पिढीच्या सुदैवाने तेव्हाच आयटीची दारं उघडत होती. बँकेतल्या क्लार्कची मुलगी सॉफ्टवेअरमध्ये गेली, अशी उदाहरणं डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत घरोघरी सापडतील. आयटीचं दार किलकिलं झालं तर पुढचं दार कुठलं, ते आज तरी दिसत नाही.

दुसरा प्रश्न शिकण्याचा आहे. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी माल कालवतो, घमेली वाहतो, विटा भिजवतो आणि ते करता करता ओळंबा कसा धरायचा हे बघून ठेवतो. काही वर्षांनी थापी त्याच्या हातात येते. घमेली वाहणारं यंत्र आणलं तर काम स्वस्तात होईल, पण पुढचा गवंडी तयार होणार नाही. फ्रेशरच्या त्या कंटाळवाण्या तिकिटांचं असंच आहे. शंभर वेळा लॉग वाचला की एकशे एकाव्या वेळी एरर दिसायच्या आत कळतं, तारखेचा घोळ असणार.

आणि ही जाण नसेल तर एआय वापरताही येत नाही. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये एक छोटा पण डोळे उघडणारा प्रयोग केला. १६ मुरलेले प्रोग्रामर, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं. काही कामं एआय घेऊन करायची, काही एआयविना. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्क्यांनी वेगवान झालो. वेळ बराचसा गेला तो यंत्राने लिहिलेलं तपासण्यात आणि निस्तरण्यात. त्यानंतर मॉडेल्स सुधारली आहेत, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण तपासायला जाणता माणूस लागतोच, आणि तो जाणता झाला कसा, तर अशी कामं स्वतः करून.

मग कंपन्या फ्रेशर घेऊन शिकवत का नाहीत? कारण शिकवायचा खर्च एकीचा आणि तीन वर्षांनी मुलगा ४० टक्के हाइक घेऊन दुसरीकडे गेला की फायदा दुसरीचा. पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण फ्रेशर शिकता शिकता बिल मिळवून द्यायचा. खरं तर त्याच्या शिकण्याचे पैसे नकळत अमेरिकन क्लायंटच भरत होता. ते बिल आटलं की शिकवणं हा निव्वळ खर्च उरतो, आणि असा खर्च सगळ्यांनी करावा असं प्रत्येकाला वाटतं, फक्त आपण सोडून.

दुसरी बाजू

सॉफ्टवेअर स्वस्त झालं तर त्याची मागणी वाढेल, हेही शक्य आहे. विल्यम जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये दाखवून दिलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तसा इंग्लंडचा कोळशाचा एकूण खप वाढला. चाकणमधला सुट्या भागांचा लहान कारखानदार, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, एखादी दूध संस्था यांना स्वतःच्या कामापुरतं सॉफ्टवेअर करून घेणं आजवर परवडत नव्हतं. आता दोन पोरं आणि एक एजंट मिळून ते महिनाभरात उभं करू शकतील. काम निघेल. फक्त त्याचं बिल रुपयात असेल, डॉलरमध्ये नाही.

शिवाय हे सगळं चॅटजीपीटीच्या वेगाने होणार नाही. कारखान्यांत विजेची मोटर आल्यावर उत्पादन खरोखर वाढायला काही दशकं लागली, कारण आधी वाफेच्या इंजिनाभोवती बांधलेले कारखानेच नव्याने मांडावे लागले. २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यातले डॅरन असेमोग्लू म्हणतात की एआयमुळे दहा वर्षांत एकूण उत्पादकता फार तर पाऊण टक्क्याच्या आत वाढेल. एआय विकणाऱ्या कंपन्यांचे आकडे याच्या कितीतरी पट. नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल असं म्हटलं होतं, त्याचा मथळ्यांत '४० टक्के नोकऱ्या जाणार' असा विपर्यास झाला. स्पर्श होणं म्हणजे जाणं नव्हे.

भारतापुरतं बघायचं तर सरकारी श्रमशक्ती पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक शेतीत होते आणि नियमित पगारी नोकरीत जेमतेम २२ टक्के. थेट धक्का छोट्या वर्गाला, हे खरं. पण वाकड-हिंजवडी पट्ट्यात एक चक्कर मारा. पीजी, मेस, पोळी-भाजी केंद्रं, कॅबवाले, इस्त्रीवाले, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका, तीस लाखांचं गृहकर्ज देणाऱ्या बँकेची शाखा. आणि तिकडे गावाकडे मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज काढलेला नाही तर एखादा एकर विकलेला बाप. फ्रेशरची भरती अर्ध्यावर आली तर या सगळ्यांना ते कळतं, कंपनीच्या तिमाही निकालांत दिसण्याच्या आधीच.

बाकी समाजाचं थोडक्यात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात एआय आणलाय. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांवरून पाणी किती द्यायचं, खत कधी घालायचं याचा सल्ला मोबाइलवर येतो. पाण्यासाठी तरसणाऱ्या राज्यात ही मोठी गोष्ट आहे. मी फक्त एवढंच विचारेन की ऊस तोडणीला कधी आला, उतारा किती पडेल हे शेतकऱ्याआधी आणखी कुणाला कळणार? सरकारी निर्णय यंत्रावर सोपवले तर काय होतं हे नेदरलँड्सने भोगलंय. तिथल्या कर खात्याच्या संगणकप्रणालीने आणि कडक नियमांनी हजारो पालकांना बालसंगोपन भत्त्यात लबाडी केल्याचं ठरवलं, कुटुंबं कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. डीपफेकचा अनुभव तर खुद्द सचिन तेंडुलकरला आलाय. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या चेहऱ्याने आणि आवाजाने एका गेमिंग ॲपची खोटी जाहिरात फिरत होती आणि ती खोटी आहे हे त्याला स्वतःला सांगावं लागलं.

करारात काय लिहिता येतं

हॉलीवूडचे पटकथालेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होते. त्यांनी एआयवर सरसकट बंदी मागितली नाही. यंत्राने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचं काम समजायचं नाही, लेखकाला एआय वापरायची सक्ती करायची नाही, त्याला दिलेल्या मजकुरात एआयचा हात असेल तर तसं आधी सांगायचं, अशी कलमं त्यांनी करारात घालून घेतली. बँक संघटनांनी १९८३ मध्ये केलं ते काहीसं असंच. आयटीवाल्यांकडे मात्र अशी ताकद नाही. पुण्यात 'नाइट्स' नावाची संघटना आहे, टीसीएसच्या बाबतीत तिने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दादही मागितली, पण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायलाच ज्या वर्गाला संकोच वाटतो त्याला संघटित करणं सोपं नाही. एखाद-दुसऱ्या पीएलला, म्हणजे प्रोजेक्ट लीडरला, लिंक्डइनवर मोठं पत्र लिहिण्यापलीकडे जमत नाही.

कंपन्यांनाही करता येण्याजोगं आहे. क्लायंटबरोबरच्या करारातच टीममध्ये अमुक शिकाऊ असतील आणि त्यांचे एवढे तास बिलात धरले जातील, असं कलम घालता येतं. सीए फर्ममधली आर्टिकलशिप आणि डॉक्टरांची इंटर्नशिप या धर्तीवर चालतात. तिथे शिकणं हा व्यवसायाच्या रचनेचाच भाग असतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्याकडे आहे. आयटीआयच्या फिटरसाठी आपण तो वापरतो, प्रोग्रामरसाठीही गांभीर्याने वापरायला काय हरकत आहे?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या दिवसांत 'कॉम्प्युटर घेऊ का मेकॅनिकल' असे फोन आयटीतल्या प्रत्येक काका-मामाला येतात. शाखा कुठली यापेक्षा मी दुसऱ्या गोष्टी बघायला सांगेन. प्लेसमेंटच्या चकचकीत माहितीपत्रकात 'ऑफर' किती ते छापलेलं असतं. जॉइनिंग किती जणांचं झालं आणि कधी झालं, हे विचारा. ऑफर लेटर हातात घेऊन वर्ष-वर्ष वाट बघणारी मुलं गेल्या काही वर्षांत कमी नाहीत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मुलं स्वतः करतात की विकत आणतात, आणि आता एआयकडून लिहून घेतलेला कोड व्हायव्हात त्यांना ओळीगणिक समजावून सांगायला लावतात का, तेही बघा. मागच्या बॅचमधल्या तीन-चार मुलांचे नंबर मिळवा आणि त्यांना फोन करून एवढंच विचारा की पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे प्रत्यक्षात काय काम आलं, आणि चुकलात तर ते दाखवून द्यायला शेजारी कुणी होतं का.